मंगळवारची वाचणारी

आमच्या वाचनमंडळात माणसं चार. त्यातल्या एकीला दोन वर्षांपासून वाचता येत नव्हतं, आणि हे फक्त मला ठाऊक होतं.

माझं चष्म्यांचं दुकान आहे. मागच्या बाजूला तपासणीची खोली: एका भिंतीवर अक्षरांचा तक्ता, समोर आरसा, मध्ये उंच खुर्ची. शनिवारी चार वाजता ती खुर्ची कोपऱ्यात सारायची, चार साध्या खुर्च्या मांडायच्या आणि चहा टाकायचा. केमिस्ट शेजारचं दुकान नोकरावर सोडून येतो. वकीलबाई येतात, त्यांना कादंबरीतसुद्धा पुरावा लागतो. तिसरी माझी शाळेपासूनची मैत्रीण. तेहतीस वर्षं तिने मुलांना भाषा शिकवली, म्हणून सगळे तिला मास्तरीण म्हणतात. मीही म्हणते.

आमचा नियम एकच. प्रत्येकाने सध्या काय वाचतोय ते सांगायचं आणि वाचून झालेलं पुस्तक एकाच्या हातात द्यायचं. देताना आत चिठ्ठी ठेवायची. 'हे तू वाच, कारण' एवढं लिहून पुढे एकच ओळ. केमिस्ट कारणाच्या जागी 'जेवणानंतर दोनदा' असं काहीतरी लिहितो आणि स्वतःच हसतो.

मास्तरणीचे डोळे मीच तपासले होते. पडद्याच्या मधोमध डाग पडला होता. चष्म्याने तो जात नाही, मोठ्या डॉक्टरांनीही हात टेकले. अशा माणसाला कडेचं दिसतं, पण ज्याच्याकडे बघावं तेवढंच नेमकं दिसत नाही. मीच तिला युक्ती शिकवली. "जे बघायचंय त्याच्याकडे बघूच नकोस. त्याच्या उजवीकडे हातभर नजर टाक. मग ते कडेने दिसेल." ती ते लवकर शिकली. तेव्हापासून ती माझ्याशी बोलते तेव्हा माझ्या शेजारच्या भिंतीकडे बघते. बाकीच्यांना वाटतं, बाई विचारात आहेत.

"कुणाला सांगू नकोस," ती तेव्हा म्हणाली होती. "मुलाला कळलं तर तो गाडी घेऊन येईल आणि मला गाठोड्यासारखी उचलून नेईल. हे घर गेलं, शनिवार गेला, की मी कशाला उरले?"

म्हणून सोमवारी आणि गुरुवारी, दुपारी दोन ते चार दुकान बंद असतं तेव्हा, मी तिच्या घरी जाऊन वाचून दाखवायला लागले. तिसरा मजला. खिडकीशी तिची वेताची खुर्ची, समोर माझी, आणि माझ्या उजव्या हाताला आणखी एक, जिच्यावर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग कायमचा. ती डोळे मिटून ऐकायची. एखादं वाक्य आवडलं की बोट वर करायची, मग मी ते पुन्हा वाचायचे. शनिवारी ती तीच वाक्यं मंडळात म्हणून दाखवायची. केमिस्ट मान डोलवायचा. "याला म्हणतात वाचन! आम्ही काय, नुसती पानं उलटतो."

मी विधवा, मूलबाळ नाही. दिवसभर लोकांना 'हे स्पष्ट की ते स्पष्ट' विचारते. त्या चार तासांत मात्र मी कुणाला तरी हवी होते. हे मी कधी बोलून दाखवलं नाही, पण आठवडा मी त्याच तासांवर काढायचे.

त्या शनिवारी केमिस्टने मला विचारलं, "ताई, ते नावाड्याच्या मुलींचं कुठवर आलं?" पुस्तक त्यानेच मला दिलं होतं. नदीवर नाव चालवणाऱ्या दोन बहिणींची कादंबरी.

"निम्म्यावर," मी म्हणाले. खरोखरच निम्म्यावर होते. मास्तरणीला वाचून दाखवायला अजून सुरुवातही केली नव्हती.

"शेवट फार चांगला आहे," मास्तरीण भिंतीकडे बघत म्हणाली. "धाकटी दोर सोडते आणि काठावर उभी राहून थोरलीला जाताना बघते. हाक मारत नाही. 'हाक मारली असती तर ती थांबली असती, म्हणूनच मारली नाही.' वा!"

"अगदी अस्संच आहे!" केमिस्ट म्हणाला. "पण तुम्ही कधी वाचलंत? पुस्तक तर ताईंकडे."

"तिच्याकडूनच की."

मी कप गोळा करायला उठले. सगळे गेल्यावर तिला थांबवलं. "कोण वाचून दाखवतंय तुला?"

"असं काय करतेस? तूच."

"मी ते पुस्तक तुझ्याकडे आणलेलंच नाही."

"मंगळवारी आणलंस ना. गेले चार मंगळवार येतेयस." तिने हात पुढे केला, माझी बाही चाचपली. "बरं नाही का तुला?"

मंगळवारी मी सूतगिरणीत असते. दिवसभर. कामगारांचे डोळे तपासायला सकाळी आठला बस पकडते ती संध्याकाळी सहाला परतते. गेल्या मंगळवारी एक्केचाळीस जण तपासले, वहीत एक्केचाळीस सह्या आहेत. घरी जाऊन मी त्या पुन्हा बघितल्या. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, पण मी बघितल्या.

मग पुस्तक उघडलं. माझी खूण म्हणजे काच पुसायच्या पिवळ्या कापडाचा तुकडा. तो निम्म्यावर हवा होता. तो शेवटच्या पानात होता. त्याच्याजवळ एक चिठ्ठी होती, नंबर लिहून द्यायच्या माझ्या कागदावर, माझ्या हिरव्या पेनाने, माझ्याच अक्षरात. 'हे तू वाच, कारण यात काही गाळायचं नाही.'

ती मी लिहिली नव्हती. पण 'गाळायचं' हा शब्द कुणासाठी आहे ते मला लगेच कळलं.

मी गाळायचे. आधी नुसती वर्णनं. डोंगर, ढग, झाडं. घसा दुखायचा, चार वाजता दुकान उघडायचं असायचं, तिला काय कळणार? मग कंटाळवाणे परिच्छेद. मग पानं. आणि एकदा, गेल्या वर्षी, मी एका कादंबरीचा शेवटच बदलला. डोळे गेलेली आई आणि तिचा मुलगा. माझ्याच कपाटातली जुनी प्रत, मंडळात ती कुणीच वाचलेली नव्हती. पुस्तकात मुलगा आईला आश्रमात सोडतो. मी वाचताना तिला तिच्याच घरात ठेवलं. चार वाक्यं मनाने रचली, अगदी न अडखळता. मास्तरीण रडली आणि म्हणाली, "देव त्या मुलाचं भलं करो." मला वाटलं, मी पुण्य केलं.

रविवारभर मी एकच विचार करत राहिले. कुणीतरी बाई माझं नाव सांगून तिथे जाते. वकीलबाईंचा आवाज थोडासा माझ्यासारखा आहे. मास्तरीण तिला ओळखते आणि मला बनवते. आपलेच दात, आपलेच ओठ. दोन वर्षं मी जेवण गुंडाळून तिचे तीन मजले चढले, आणि हिने दुसरी वाचणारी ठेवली, वर माझ्याच तोंडावर सांगते की ती मीच. मला रडू आलं नाही, संताप आला. सोमवारी मी गेलेच नाही. डोकं दुखतंय असा निरोप पाठवला.

मंगळवारी सूतगिरणीलाही नाही म्हणून कळवलं. दोनला पाच कमी असताना मास्तरणीच्या इमारतीत शिरले. लख्ख ऊन होतं. जिन्यात दुसऱ्या मजल्यावरची सून बादली घेऊन उतरत होती. मला बघून थबकली.

"मावशी, आत्ताच वर गेलात ना? परत कधी खाली आलात?"

"काहीतरी विसरलं," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

तिसऱ्या मजल्यावर दार बंद होतं, कडी आतून. मी हात उचलला आणि तो तसाच राहिला.

आत मी वाचत होते.

वकीलबाई नव्हेत. कुणी नक्कलही करत नव्हतं. स्वल्पविरामाशी मी जो छोटा श्वास घेते तो होता. 'श' म्हणताना दाढेच्या फटीतून येणारी शीळ होती. फक्त घाई नव्हती.

ती ढगांचं वर्णन वाचत होती. पूर्ण. मग झाडांचं. मास्तरणीने बोट वर केलं असावं, कारण झाडांचं तिने पुन्हा वाचलं.

मग पान उलटल्याचा आवाज.

"'मुलाने आईचा हात धरून तिला खोलीत नेलं,'" माझा आवाज वाचत होता. "'पलंग दाखवला, पाण्याचा तांब्या दाखवला. रविवारी येतो, म्हणाला. आईने रविवार मोजले नाहीत.'"

तेच पुस्तक. तोच शेवट, जो मी गाळला होता.

मग मास्तरीण नाक ओढून म्हणाली, "खरं हे आहे तर."

माझा हात दाराला लागला. दार किंचित वाजलं.

"कोण आहे?" मास्तरणीने विचारलं.

"मी," मी म्हणाले.

आत एक खुर्ची सरकली.

"उघडू का?" माझ्या आवाजाने तिला विचारलं.

"नको," मास्तरीण म्हणाली. तिचा आवाज शांत होता, वर्गात चुकलेल्या मुलाला बाहेर उभं ठेवताना असायचा तसा. "ती गाळणारी आहे. तू वाच."

आणि पुढचं पान उलटलं.

मी जिना कसा उतरले ते आठवत नाही. दुकानाच्या मागच्या खोलीत बसून राहिले. पन्नास वर्षांची मैत्री, आणि दाराआडून तिने मला एका शब्दात ओळखलं, आणि दार उघडलं नाही. कुणाकडे तक्रार करणार? पहिला दगा माझाच होता. तरी मला दगा झाल्यासारखंच वाटत होतं. घरी कपाटात ते जुनं पुस्तक जागच्या जागी होतं.

गुरुवारी मी गेले. न जाऊन जाणार कुठे होते?

मास्तरणीने दार उघडलं, नेहमीसारखी भिंतीकडे बघत म्हणाली, "ये. डोकं कसं आहे?" पाणी दिलं. मंगळवारबद्दल काही बोलली नाही, मीही नाही. मी माझ्या खुर्चीत बसले. शेजारच्या खुर्चीवरचे इस्त्रीचे कपडे आज कुणीतरी उचलून पलंगावर नीट रचले होते. माझ्या उजव्या हाताची ती खुर्ची रिकामी होती.

मी नवीन पुस्तक उघडलं आणि एकही अक्षर गाळायचं नाही असं ठरवून वाचायला लागले. पहिलं सबंध पान नुसतं रस्त्याचं पावलागणिक वर्णन होतं. घसा कोरडा पडला तरी थांबले नाही. माझं वाचन तिने ऐकावं, पुन्हा माझं व्हावं, एवढंच मला हवं होतं.

पान संपलं. मी मान वर केली.

मास्तरणीने बोट वर केलं होतं. चेहऱ्यावर ते जुनं हसू होतं, आवडलेल्या वाक्याचं. डोळे आज मिटलेले नव्हते. ती भिंतीकडे बघत नव्हती.

ती सरळ माझ्याकडे बघत होती: तिच्या बाजूने त्या रिकाम्या खुर्चीच्या उजवीकडे हातभर.