डावा कान

कान तपासायचा बूथ म्हणजे एक मोठं कपाटच. आत एक खुर्ची, एक हेडफोन आणि वायरीच्या टोकाला एक बटण. भिंतींना जाड फोम, दाराला रबर. दार उघडताना ते रबर एक सुस्कारा टाकतं, लावताना पुन्हा एक. पेशंट आत बसतो, ताई बाहेर काचेपाशी मशीन घेऊन. ती बारीक शिट्टी सोडते. ऐकू आली तर पेशंटने बटण दाबायचं, की मशीनवर हिरवा दिवा लागतो. ऐकू नाही आली तर गप्प बसायचं. आधी डावा कान, मग उजवा. दोन्ही झाले की ताई माइकवर म्हणणार, "झालं, या बाहेर." अकरा वर्षांत हे वाक्य तोंडात इतकं बसलं होतं की एकदा घरी बाथरूमच्या बंद दारालाही म्हणून झालं होतं.

अशी ही हळू बोलणारी, चष्म्याला दोरी लावणारी बाई मेटलकोर, म्हणजे किंचाळत गायचं दणदणाटी संगीत, ऐकते हे कोणाला सांगून पटत नसे. काउंटरवरच्या बाईंनी एकदा तिचा इयरफोन कानाला लावून पाहिला आणि काळजीने विचारलं, "याला कोणी मारतंय का गं?" ताई दोन दिवस हसत होती.

हा नाद लावला तो धाकट्या भावाने. त्याला सगळे टकटक्या म्हणत, कारण त्याचे हात कधी थाऱ्यावर नसायचे. टेबल, ताट, दार, दिसेल त्यावर बोटं वाजवायचा, आणि संधी मिळाली की तासन्‌तास ड्रम. एक ठोका, मग दोन घाईचे, मग एक. लहानपणी तापात त्याचा उजवा कान गेला, तो कायमचाच. ताई हे काम शिकली ती त्यामुळे. म्हणून दोघांत एक इयरफोन असला की डावा त्याचा, उजवा ताईचा. आणि त्यांच्या लाडक्या बँडचा नवा अल्बम आला की पहिल्यांदा दोघांनी मिळूनच ऐकायचा. मध्ये थांबायचं नाही, बोलायचं नाही, एकही गाणं टाळायचं नाही. असे तीन अल्बम झाले.

चौदा महिन्यांपूर्वी टकटक्या त्या बँडच्या कार्यक्रमाला गेला. खरं तर दोघं जाणार होती, पण ताईने ऐनवेळी कोणाची तरी ड्युटी अंगावर घेतली. "जा रे तू, आलास की सगळं सांग," म्हणाली. हॉलच्या दारात त्याचं तिकीट तपासल्याची नोंद होती. बाहेर पडताना मात्र त्याला कोणी पाहिलं नव्हतं. पोलीस झाले, दवाखाने झाले, चाहत्यांचे ग्रुप झाले. पायाचे तुकडे पडेपर्यंत फिरून झालं. आई अजून त्याचं ताट घेते. वडील जेवण झाल्यावर ते उचलून ठेवतात, आणि तेच ताईला सोसत नाही. गेला म्हणून कळलं असतं तरी चाललं असतं, असं कधीकधी तिच्या मनात यायचं आणि ती आपलीच जीभ चावायची. तिला तो हवा होता. कसाही हवा होता.

अशात नवा अल्बम आला.

ग्रुपवर लगेच दोन तट पडले. एक म्हणे, बँड मवाळ झाला, गायक चक्क गायला लागला. दुसरे म्हणे, माणसाचा घसा आहे, किती वर्षं फाडून घेईल? ताईला विचाराल तर अल्बम चांगला होता. पहिली तीन गाणी जुन्याच वळणाची, करवत चालावी तशी गिटार आणि खाली दोन्ही पायांनी तुडवलेला ड्रम. चौथं सपशेल फसलेलं. पाचव्यापासून मात्र ड्रमचा आवाज बदलतो. लांबून येतो, मोठ्या मोकळ्या जागेतून. कव्हरवर बारीक अक्षरात लिहिलं होतं की ही शेवटची पाच गाणी एका बंद पडलेल्या हॉलमध्ये रेकॉर्ड केली. हॉलचं नाव दिलं होतं. टकटक्या ज्यात गेला तोच.

सातव्या गाण्यात गायकाची किंकाळी मधेच तुटते आणि सगळा बँड थांबतो. चार सेकंद काहीच नाही. मग सगळे मिळून असे कोसळतात की छातीची फळी हलते. या चार सेकंदांसाठी चाहता जीव टाकतो. ताईनेही श्वास रोखला. डावा इयरफोन नियमाप्रमाणे मोकळा सोडला होता. आणि त्या शांततेत कोणीतरी लाकडावर बोटं वाजवली. एक, दोन घाईचे, एक.

तिने ते गाणं चाळीस वेळा ऐकलं. मग ग्रुपवर विचारलं, सातव्यात बँड थांबतो तिथे कोणाला काही ऐकू येतं का? कोणालाच येत नव्हतं. एकाने आवाजाचा आलेख काढून ग्रुपवर दाखवला. चार सेकंद सरळ रेघ. दुसऱ्याने लिहिलं, कान तपासून घ्या एकदा. ताई आधी हसली आणि मग तिला रडू आवरेना. कान तिने खरंच तपासले. ठणठणीत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळे जेवायला गेल्यावर, तिने फोन मशीनला जोडला. बूथमधला हेडफोन रिकाम्या खुर्चीच्या पाठीला अडकवला, डावी वाटी वरच्या बाजूला. बटण खुर्चीवर ठेवलं आणि दार लावून घेतलं. रबराने सुस्कारा टाकला. यात शहाणपण नाही हे तिला कळत होतं, पण चौदा महिने शहाणपण करून पाहिलं होतं. बाहेर बसून तिने उजव्या कानात एक इयरफोन घातला आणि अल्बम सुरुवातीपासून लावला. नियम म्हणजे नियम. फसलेलं चौथंसुद्धा ऐकलं.

सातव्यात बँड थांबला. हिरवा दिवा लागला. एकदा, दोनदा घाईने, एकदा.

काचेतून बटण दिसत होतं. खुर्चीवर जसंच्या तसं पडलेलं.

तिने गाणं बंद केलं. वायर काढून पुन्हा घातली. दिवा बिघडला असता तर कसाही लागला असता. म्हणून तिने डाव्या बाजूला एक शिट्टी सोडली. दिवा लागला. आवाज कमी केला. लागला. आणखी कमी केला. नाही लागला. पुन्हा थोडा वाढवला, लागला.

माणूसच असं उत्तर देतो.

ती कागदावर निळ्या फुल्या मारत गेली. जाड आवाज, मधला, बारीक. सर्वांत बारीक आवाजाच्या अलीकडे एक घसरण होती, ड्रमपाशी बसून बसून कानाला पडते ती. टकटक्याचा जुना कागद तिच्या खणात होता. काढायची गरज नव्हती, तरी काढला. फुलीवर फुली बसत होती.

"टकटक्या," ती माइकवर म्हणाली, "ताई आहे रे."

दिवा लागला.

"मी यायला हवं होतं. चुकलं माझं."

दिवा लागला तो कितीतरी वेळ तसाच राहिला. ताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. आईला काय सांगायचं, कसं सांगायचं, सगळं एकदम मनात गर्दी करून आलं. आणि तोंडात बसलेलं वाक्य आपोआप बाहेर पडलं.

"झालं. ये बाहेर."

दिवा विझला.

हात मात्र सवयीने मशीनवरच्या उजव्या कानाच्या खटक्याकडे गेला होता. कागदाची उजवी बाजू कोरी होती. दोन्ही कान झाल्याशिवाय ते वाक्य म्हणायचं नसतं. अकरा वर्षांत ती पहिल्यांदा चुकली होती.

उजवा म्हणजे त्याचा गेलेला कान. मोठा आवाज दिला तर हाडातून डाव्या कानाला पोचतो आणि उगीच फसगत होते. म्हणून तिने अगदी हलकी शिट्टी सोडली. दिवा लागणार नाही एवढंच तिला बघायचं होतं.

दिवा लागला.

तिने आवाज आणखी कमी केला. मशीन जिथे संपतं तिथपर्यंत.

दिवा लागला.

तिने बोट उचललं. आता शिट्टी नव्हतीच.

दिवा तसाच होता.

उजव्या कानासाठी लाल गोल काढतात. तिने तो काढला, कागदाच्या अगदी वरच्या रेघेवर. इतका तिखट कान तिने आजवर कोणाचा पाहिला नव्हता. टकटक्याचा तर हा नव्हेच. तिने गोल पुन्हा गिरवला, आणखी एकदा गिरवला. मान वर केली नाही.

बूथच्या दाराच्या रबराने सुस्कारा टाकला.

मग जरा वेळाने, कोणी बाहेर येऊन दार नीट लावून घेतल्यावर टाकतं तसा, पुन्हा एक.