राखणीचा नकार

भागी झोरेला गवत कापताना फुरसं चावलं, तेव्हा रेवती साखळकर कड्यावरच्या रोपवे स्थानकात पाळण्यांची तपासणी करत होती. भागीला पाठुंगळी घेऊन तिचा नवरा धाकलू धावत आला. विषावरचं इंजेक्शन दरीपलीकडच्या दवाखान्यात होतं. रेवतीने दोघांना पाळण्यात बसवलं आणि स्वतःही चढली.

हे पाळणे शिकणारे होते. प्रत्येकाला स्वतःची मोटर. दोरावरून आपले आपण धावताना ते वाऱ्याशी जुळवून घ्यायला शिकत आणि एकाने शिकलेलं साऱ्यांना कळवत. पण कुठलीही नवी चाल आधी ‘राखणी’समोर जाई. राखण म्हणजे रेवतीने घडवलेली, स्वतः कधीच काही न शिकणारी चिप. चालीत धोका नाही अशी खात्री पटली, तरच ती होकार देई. वारा उठला की पाळणे अडवते, म्हणून गावकरी तिच्या नावाने बोटं मोडत.

आजही मधल्या मनोऱ्याच्या अलीकडे पाळणा थांबला. पडद्यावर अक्षरं उमटली: ‘पाळण्याची सूचना: पूर्ण वेगाने जाणे. राखणीचा नकार: झोत आल्यास मनोऱ्यावर आदळू.’

भागीचा पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता. हिरड्यांतून रक्त येऊ लागलं.

“म्याडम, चावी हाय न्हवं तुमच्याकडं? बंद करा की ती राखण!” धाकलू कळवळला.

रेवतीने चावी कुलपात घातली. “आदळलो तर तिघंही जाऊ, दादा,” ती कशीबशी म्हणाली. चावी तिने फिरवली नाही.

तेवढ्यात मनोऱ्यापलीकडचे, परतीच्या दोरावरचे दोन रिकामे पाळणे आपणहून हलले आणि दरीत वारा शिरे त्या टोकाशी जाऊन थांबले. वाऱ्याचा झोत आधी त्यांना लागे, मग मनोऱ्याला. प्रत्येक झोताची वर्दी ते मागे धाडू लागले. आता दोन झोतांमधली उसंत आधीच कळत होती. पडद्यावर ‘होकार’ उमटला आणि पाळणा सुसाट सुटला. मनोरा मागे पडल्यावर झोत येऊन आदळला, तो नुसत्या दोरावर.

संध्याकाळी दवाखान्यात, इंजेक्शननंतर भागीने चहा मागितला, तेव्हा कुठे धाकलूच्या जिवात जीव आला.

“त्या रिकाम्या पाळण्यांस्नी टेहळणीला जायला कुणी शिकिवलं?” त्याने विचारलं.

“कुणीच नाही,” रेवती म्हणाली. तिचा ऊर भरून आला होता आणि अंगावर काटाही.

पहिल्याच सूचनेला होकार मिळाला असता, तर पाळण्यांनी ही वाट कधी शोधली असती का?