दोन किलो जाडं मीठ

पेणच्या डायालिसिस सेंटरमध्ये टेक्निशियन म्हणून सादियाचा पहिलाच दिवस. चार नंबरचं मशीन कुरकुरतंय असं वाटून ती धावली, तर कुरकुर पेशंटच्या चादरीखालून येत होती. दिपिका एका हाताला सुया टोचून घेऊन दुसऱ्या हातानं चावीवर चालणारा जुना, रिळाचा कॅमेरा चालवत होती. स्वतःच्याच रक्ताच्या नळीचं शूटिंग!

सादियानं कॅमेरा बंद करायला सांगितला. दिपिकानं केला… पण आधी तो सादियाच्या डोळ्यांवरून एकदा फिरवून.

मग आठवड्यातून तीनदा, चार-चार तास दोघी बोलत राहिल्या. दिपिका मिठागरवाल्यांची लेक, आणि डॉक्टरांनी तिचं मीठच तोडलेलं. हे सांगताना आधी तीच हसायची. आपला आजार, आज्याचं मिठागर आणि आपल्याला मुलीच आवडतात हे… या सगळ्याची ती फिल्म करत होती. शेवटचं तिनं नळीकडे बघत सांगितलं. सादियानं मशीनवरचा आकडा उगाचच दोनदा तपासला. त्या दिवसापासून कॅमेरा कितीही कुरकुरला, तरी तिला तो ऐकू येईनासा झाला.

एका रविवारी दिपिकाच्या आईचा, चंद्रावतीचा फोन आला. पोरगी काल दोन किलो जाडं मीठ घेऊन मोरीत शिरली, आज परत कडी लावून बसलीय. चोरून मीठ खातेय बहुतेक.

सुट्टीवरची सादिया रोह्याहून स्कूटरवर थेट दिपिकाच्या घरी. हेल्मेटसकट तिनं मोरीचं दार वाजवलं.

आत मिठाच्या पाण्याची बादली, आणि बादलीत फिल्म. ओशाळलेल्या दिपिकानं सांगितलं, की धुण्याचा सोडा घातलेल्या कॉफीत धुतली की चित्रं उमटतात आणि मिठाच्या पाण्यात दिवसभर ठेवली की पक्की होतात. मीठ मात्र आज्याच्याच मिठागराचं हवं होतं.

चंद्रावतीनं फिल्म उचलून खिडकीच्या उजेडात धरली.

"सगळीकडं हीच हाय गो," ती म्हणाली.

निगेटिव्हच्या उलट्या छायेत सादियाचा चेहरा काळा, केस पांढरेशुभ्र. चंद्रावतीनं एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा हेल्मेटवालीकडे. बराच वेळ पाहिलं. मग सादियाला जेवूनच जायला सांगून, भाकऱ्या थापायला निघून गेली. जाताना दार हळूच ओढून घेतलं.

"म्हातारी दिसतेय मी," सादिया म्हणाली.

"मला तुला अशीच बघायचीय." दिपिका अडखळली. "तवर मी असेन का… ठाऊक नाय."

सादिया मोरीच्या ओल्या फरशीवर तिच्याशेजारी बसली.

"आमच्यात केस पिकले की बायका मेंदी लावतात," ती म्हणाली. "पांढरे बघायचे, तर मला अडवायला तू पायजेस."

"अडवीन," दिपिका म्हणाली.