बारशाचा वरवंटा

तो कंदील जरा बारीक करा रे, काजळी धरून राहिला आहे. लाईट काही तासाभरात येत नाही. आज तुम्ही बारशाला जाऊन आलात म्हणून सांगतो. एरवी ही गोष्ट मी लेकुरवाळ्या बायकांसमोर काढत नाही.

१९७३ सालची गोष्ट. कृष्णकांत आणि मी एका कचेरीत, टेबलाला टेबल लावून बसायचो. लकडगंजात आरागिरणीच्या मागे घरंही लागून होती. त्याला जुन्या वस्तूंचं वेड. रविवार आला की गडी एस.टी. धरून कुठल्या तरी खेड्यात जाणार, किल्ला-देऊळ पाहणार, कुणाच्या तरी ओसरीवर भरपेट जेवणार आणि येताना अडकित्ता, दौत, समई असलं काही घेऊन येणार. शामलावहिनी वैतागायच्या. "घरात पाय ठेवाले जागा नाही," म्हणायच्या. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी मूल नव्हतं, तो राग बिचाऱ्या त्या पितळेवर काढत.

आणि त्या डिसेंबरात त्यांना मुलगी झाली! कृष्णकांत कचेरीत पेढे वाटताना ढसाढसा रडला. मीही रडलो, खोटं कशाला बोलू.

बारसं ठरलं शुक्रवारी, चौदा तारखेला. आपल्यात बाळाच्या आधी वरवंट्याला टोपडं घालून पाळण्याखालून फिरवतात, बाळ दगडासारखं टणक व्हावं म्हणून. त्यांच्या घरच्या वरवंट्याचा टवका उडालेला. फुटका दगड लेकरासोबत कसा फिरवायचा? इतवारीच्या बाजारात हवे तेवढे वरवंटे मिळाले असते. पण साहेबांना जुनाच पाहिजे. घरात बाळंतीण, आणि हा रविवारी मला ओढत नगरधनला घेऊन गेला!

सकाळी किल्ला पाहिला. तटाच्या दगडावरून हात फिरवत तो वाकाटकांपासून भोसल्यांपर्यंत सगळं सांगत होता. दुपारी पलीकडच्या गावात शालिकरामकडे गेलो. गावाचं नाव सांगत नाही, तिथे अजून माणसं राहतात. शालिकराम त्याच्या ओळखीचा शेतकरी. गोवरीच्या निखाऱ्यांत भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी, वर तुपाची धार... तसं जेवण पुन्हा जेवलो नाही.

हात धुवायला मागे गेलो तर गोठ्याच्या कोपऱ्यात एक काळाभोर पाटा. त्यावर वरवंटा, आणि दोन्ही सुंभाने घट्ट बांधलेले. वरवंट्याच्या दोन्ही टोकांना कमळं कोरलेली. कृष्णकांत तिथेच उकिडवा बसला.

"शालिकराम, हा मला दे. पोरीच्या बारशाला पाहिजे."

शालिकरामचा चेहरा उतरला. त्यांच्याकडे बारशासाठी कुणी वस्तू मागितली तर नाही म्हणत नाहीत. लेकराचं अडतं म्हणतात. तो मान खाली घालून सुंभ सोडू लागला, तेवढ्यात त्याची म्हातारी आई, जयवंताबाई, काठी टेकत आली.

"नेत असशीन तं दोन्ही ने बापा. पाटा सोडून एकट्या वरवंट्याले नेऊ नोको."

"काहून वं माय?" कृष्णकांतने तिच्याच बोलीत विचारलं.

म्हातारीने सांगितलं. तिची एक चुलत सासू होती, भागीरथा. मूल होईना म्हणून नवऱ्याने दुसरी केली. दुसरीला मुलगा झाला. बारशाला वांझ बाई पाळण्याजवळ नको, म्हणून भागीरथेला मागे मसाला वाटायला बसवलं, ह्याच पाट्यावर. मग वरवंटा न्यायला नवरा आला. ती म्हणाली, हा मी देत नाही, हा माझा आहे. त्याने हिसकला...

"तिनं पाळण्याजोळचं कोणी नाही सोडलं," म्हातारी म्हणाली. "नवरा, सवत, सासू... डोस्के फोडले. मंग इथंच येऊन बसली. वरवंट्याले टोपडं घालून, मांडीवर घेऊन थोपटत. आन् थोपटता थोपटता गेली. तवापासून माय-लेकरू बांधून ठेवलं आहे गा आम्ही."

मी म्हणालो, सोड हा नाद. पण तो ऐकेना, आणि एस.टी.त पाटा कुठे चढवणार? दीड मणाचा दगड. कृष्णकांत हसला, म्हातारीच्या पाया पडला आणि एकटा वरवंटा पिशवीत घालून निघाला. मी त्याच्यावर भडकलो होतो.

शुक्रवारची रात्र. थंडी मरणाची. बायका आतल्या खोलीत पाळण्याभोवती, आम्ही पुरुष ओसरीवर. दार उघडं होतं, मला सगळं दिसत होतं. शामलावहिनी पोरीला घेऊन बसलेल्या. पाळण्याच्या एका बाजूला कृष्णकांतची बहीण शोभाताई, दुसऱ्या बाजूला शेजारची गोपिका. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या, असं म्हणत टोपडं घातलेला वरवंटा पाळण्याखालून इकडून तिकडे जात होता. हसणं-खिदळणं चाललं होतं.

शोभाताईने वरवंटा परत एकदा खालून दिला. पलीकडच्या हातांनी घेतला. मग ती शामलावहिनींकडे वळली. "आण आता बाळाले."

गोपिका म्हणाली, "अवो, वरवंटा तं द्या आधी."

"दिला ना आत्ता."

"मले नाही दिला."

"घेतला ना वं तू. हातात लाखेचा चुडा..."

गोपिकेने हात वर केले. काचेच्या हिरव्या बांगड्या.

शोभाताईने वाकून पाळण्याखाली पाहिलं.

पाळण्याखालून दोन हात पुढे आले. कोपरापर्यंत लाल. मिरचीचा वास खोलीभर पसरला, डोळ्यांतून पाणी येण्याइतका. हात बाळ मागत होते...

आणि लाईट गेली.

बायका किंचाळत बाहेर पळाल्या. कृष्णकांत माझ्या अंगावरून आत धावला. शोभाताई शामलावहिनींना ओढत बाहेर घेऊन आली. वहिनींचे हात रिकामे होते. त्या ओरडल्या, "माही पोर!" आणि तिथेच कोसळल्या.

दार धाडकन लागलं.

आतून कृष्णकांत ओरडला, "पोरगी माझ्याजवळ आहे! दार तोडा!"

मी खांदा मारला. दार हलेना.

मग आतून आवाज आला. दगडाचा. मांसावर.

एक.

"तोडा रे!"

पुन्हा. ह्या वेळी हाड मोडलं, ते मला ओसरीवर ऐकू आलं. मी आयुष्यात तसा आवाज... जाऊ द्या.

"भागीरथे," तो आत म्हणत होता, "पाया पडतो. मले मार. तिले नको..."

पुन्हा. पुन्हा. ओल्यावर आपटल्यासारखा.

मग तो बोलायचा थांबला. आवाज थांबला नाही.

आरागिरणीवरची माणसं पहार घेऊन आली. दार फुटलं. कंदील आत धरला. भिंती, छत, पाळण्याच्या साखळ्या, सगळीकडे रक्त. कृष्णकांत पालथा पडलेला, दोन्ही हात छातीखाली दाबलेले. लेकराला पोटाशी धरून त्याने सगळे घाव पाठीवर आणि डोक्यावर घेतले होते. पाठीला पाठीचा आकार राहिला नव्हता. पोलिसांनी पुढे पंचनाम्यात लिहिलं, पाळण्यावरून दगड पडून मृत्यू. पडलेला दगड एकदा पडतो हो. आणि दगड तरी कुठे होता? वरवंटा त्या खोलीत नव्हता. पुढेही कुणाला मिळाला नाही.

मी गुडघ्यावर बसलो. माझा मित्र गेला होता. पण पोरगी त्याच्याखाली असणार, जिवंत असणार, एवढंच डोक्यात होतं. मी त्याला उलटा केला.

खाली पोरगी नव्हती.

मी कंदील वर धरून खोलीभर फिरवला.

तेव्हा कर्र... कर्र... ऐकू आलं. पाळणा. हळूहळू हलत होता. कुणीही जवळ नव्हतं.

मी उठलो. आत पाहिलं.

पोरगी झोपली होती. शांत. दुपट्यात नीट गुंडाळलेली. अंगावर ओरखडा नाही, रक्ताचा ठिपका नाही. शामलावहिनी बाहेर अंगणात बेशुद्ध. बाकी सगळ्या बायका रस्त्यावर.

पोरीच्या हनुवटीवर एक ओघळ होता. मी बोटाने पुसला.

दूध होतं. कोमट.