खालचा कोपरा

त्या रविवारी लटारूभाऊंनी नेहमीसारखे पाण्याचे दोन डबे स्कूटरला अडकवले, मागे मुलीला, मयुरीला बसवलं आणि पठाणपुरा दरवाज्याकडे निघाले. माजरीच्या खाणीत नकाशे काढण्यात त्यांची पस्तीस वर्षं गेली. निवृत्तीनंतर ते चंद्रपुरातल्या इतिहास मंडळासाठी शिलालेखांचे ठसे घेऊ लागले. दगडावर ओला कागद बसवायचा, ब्रशने ठोकत अक्षरांत दाबायचा, जरा वाळला की शाईत बुडवलेली कापडाची पोटली हलकेच टेकवत न्यायची. खोदलेली अक्षरं पांढरी राहतात, बाकी काळं होतं. शहराभोवतीच्या परकोटाजवळ वारा फार, म्हणून काम दोघांचं. मयुरी ठोकायची आणि शाई द्यायची. भाऊ उजवीकडचा खालचा कोपरा अंगठ्याने दाबून शेवटपर्यंत बसायचे.

दरवाज्याजवळच्या एका दगडावरच्या साडेतीन ओळी अजून कोणालाच लागल्या नव्हत्या. मयुरी त्या वाचण्यात गुंगली, पोटली जास्त भिजली, कागद फाटला आणि शाई थेट दगडावर ओघळली. ठसा घेणाऱ्याच्या हातून याहून वाईट काही होत नाही. मंडळाचे सचिव हेमराज धावत आले, तेव्हा ती तोंड उघडायच्या आत भाऊ म्हणाले, "माहा हात थरथरला."

संध्याकाळच्या बैठकीत भाऊंनी यापुढे आराम करावा असं ठरलं. कोणीतरी म्हणालं, नकाशे काढणाऱ्याचा हातही शेवटी म्हातारा होतोच. सगळे हसले, भाऊही हसले. मयुरी सतरंजीवर बसून नखाखालची शाई काढत राहिली. परतताना भाऊंनी जिलबी घेतली आणि मजेत जेवले.

सकाळी ते उठले नाहीत.

चार महिन्यांनी, फेब्रुवारीत, मंडळाने धुऊन धुऊन स्वच्छ केलेल्या त्याच दगडापुढे मयुरी बसली. पुस्तिका छापायची होती, ठसा हवा होता. कोपरा धरतो म्हणालेले हेमराज बुरुजाचे फोटो काढण्यात रमले होते. तिने एकटीनेच सुरुवात केली. ऊन कोवळं होतं, दगड पाठीसारखा उबदार लागत होता. पलीकडच्या घरात कोणीतरी मिरच्या तळत होतं. ब्रशची टपटप सुरू झाली आणि तिच्या लक्षात आलं, बऱ्याच दिवसांनी आपल्याला बरं वाटतंय.

मग वारा सुटला. कागदाची वरची कड फडफडली, डावी फडफडली. खालचा उजवा कोपरा हलला नाही.

ओला असेल, असं तिने मनाशी म्हटलं. पण तोच आधी वाळला होता.

ब्रश तिथे पोचला आणि आवाज बदलला. गादीवर थाप मारावी तसा.

तिने शाई घेतली. वरून खाली, ओळीमागून ओळ उमटत गेली, इतकी लख्ख की पूर्वी कधी उमटली नव्हती. कोपऱ्यावर पोटली टेकली, तेव्हा खाली दगड लागला नाही. काहीतरी मऊ लागलं. आणि कोमट.

तिने हात मागे घेतला. घाबरायला हवं होतं. त्याऐवजी, शेजारी बसलेल्याला धक्का लागू नये म्हणून सरकावं, तशी ती थोडी सरकली. मग पोटली त्या जागेच्या कडेकडेने फिरवली. अंगठ्याएवढा लांबट गोल पांढरा राहिला.

हेमराज आले. ठसा पाहून खूश झाले. त्यांनी खिशातून पुस्तिकेचा मजकूर काढला आणि उभ्याउभ्या वाचला. "पहिल्या वेळी लटारूभाऊंचा हात थरथरल्यामुळे दगडावर शाई सांडली." मग वर पाहून विचारलं, "छापू ना बाई? भाऊ तर गेले आता, त्याईले काय वाईट वाटन?" मग ते थांबले. वारा त्यांच्या हातातला कागद ओढत होता. "पण हा कोपरा तुम्ही कसा धरला?"

मयुरी खाली वाकली. पांढऱ्या गोलाची कड चाकूने कापावी तशी स्वच्छ होती.

"छापू नका हेमराजभाऊ," ती म्हणाली. "शाई मी सांडली होती. त्या दिवशीच सांगायला पाहिजे होतं मले. बाबाचा हात थरथरलाच नव्हता. पाहा ना, आत्ताही थरथरून नाई राह्यला."