काट्यावरची पाळी

जॉय, मोबाईल पालथा ठेव. क्रिस्टीना, दार लोटून घे.

"अब्राहामकाका, गोष्ट खरी हाय का?"

मरियाआत्याच्या एडविनची हाय. खोटी कशी आसंल?

गेल्या नाताळाच्या आदल्या गुरुवारची रात. श्रीगोंद्याकडं एका कारखान्याचा वजनकाटा. रोज रात्री काट्याचा कंप्युटर गपकन अडकायचा. भाईर उसाच्या ट्रॅक्टरांची ही रांग. साहेब म्हनला, "आज अडकला तर अजिनाथ कायमचा घरी." अजिनाथ रातपाळीचा काटेवाला, एडविनचा वर्गमित्र. तेनंच एडविनला बोलवून घेतलं.

एडविननं एक प्रोग्राम बनवल्याला. काळ्या पडद्यावर कमांड टाकायची, की कंप्युटर कुठं वेळ खातोय त्याचा माग काढनार. पन त्या प्रोग्रामलाच अडचन आली की एकच शब्द: "चुकलं."

"डॉक्टर नुसता 'आजारी हाय' म्हनला, तर फी देशील का?" एडविन चिडला. समदी 'चुकलं' पुसून टाकली. आता काय अडलं, कोनामुळं, काय करायचं, तिन्ही सांगायचं. अजिनाथला कळंल आशा मराठीत.

चालवला.

"काट्याला हात घालता येईना. दुसऱ्यानं धरलाय. धरनारा: आसाराम."

अजिनाथ पांढरा पडला. आसाराम आदला काटेवाला. रातपाळीत, बदलीचा मानूस यायच्या आदी, खुर्चीतच वारला. तवापासनं त्या खुर्चीत कोनी बसत न्हवतं. अजिनाथबी स्टुलावर.

"पळ, एड्या..."

"का? पयल्यांदा नीट एरर आलाय." एडविननं खालची ओळ वाचली.

"काय करायचं: बदली द्या."

काट्यावरचा नियमच हाय. बदली आल्याबिगर खुर्ची सोडायची न्हाई.

एडविन उठला. "आसारामनाना, सुटली पाळी. घरी जावा. मी बसतो."

आन् बसला.

खुर्ची गार...



भाईर काटा रिकामा. लाल आकडा उमटला. अठ्ठावन्न किलो.

...मंग शून्य.

ट्रॅक्टर हालले. उजाडस्तवर एकदाबी अडकलं न्हाई. अजिनाथची नोकरी वाचली.

सकाळी एडविन निघाला, बदलीची वाट न बघता, ऐटीत, काट्यावरनंच चालत. खुर्ची मागं रिकामी. अजिनाथ आजून स्टुलावरच.

"एड्या... थांब."

"काय?"

"काटा शून्य दावतोय."

आपला एडविन. ब्यान्नव किलोचा. तेनं काट्यावर उडी मारली.

शून्य.

"माग काढ!" एडविन वरडला. "कारन सांग म्हनावं! असा सोडनार न्हाई मी!"

अजिनाथनं कमांड टाकली.

बराच वेळ काय न्हाई...

मंग एकच शब्द. एडविननं सोताच्या हातानं पुसल्याला.

"चुकलं."