आजीच्या हातचं कालवण

वजनमापं तपासणं हा माझा पेशा. त्यामुळे 'अंदाजाने' हा शब्द ऐकला की माझं डोकंच उठतं. मावशीचं तर सगळं आयुष्य अंदाजाने चाललेलं. घराण्याच्या गोष्टी आणि पाककृती यांचं पुस्तक करायचं ठरलं आणि आमची ही विजोड जोडी जमली. आजोबांच्या जिथे जिथे बदल्या झाल्या, त्या त्या गावी मी तिला हात धरून नेलं, कारण तिला दिसत नाही. ती सांगायची, मी लिहायचो आणि 'चिमूटभर म्हणजे किती' यावरून आम्ही वाटभर भांडायचो. इतके सुखाचे दिवस मी फार थोडे पाहिलेत.

एकच पाककृती हुलकावणी देत होती. आजीचं बटाट्याचं कालवण. मावशी लहान असतानाच आजी गेली. फोटो एकही नाही, आणि मावशीची दृष्टी गेल्यावर आईचा चेहराही तिच्या मनातून पुसला गेला.

"चव तेवढी उरलीय रे माझ्याकडे," ती म्हणायची. "तीही गेली की संपलंच."

आजोबांच्या बदल्यांतलं शेवटचं घर गल्लीच्या टोकाला, वरच्या मजल्यावर होतं. तिथे आता कुलपं दुरुस्त करणारा एक माणूस एकटाच राहतो. खोलीभर किल्ल्या आणि मशीनच्या तेलाचा वास.

"ओटा खुशाल वापरा," तो म्हणाला. "मला चहासुद्धा धड येत नाही."

मावशी सांगेल तसं मी केलं. तिने चाखलं आणि मान हलवली. पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिचा चेहरा इतका उतरला की मला भरून आलं.

कुलूपवाला उठून ओट्यापाशी आला. मला वाटलं, पाणी प्यायला आला असेल. त्याने एक कांदा उचलला आणि थेट जाळावर धरला. काळा ठिक्कर पडेपर्यंत.

"अहो, हात भाजेल," मी म्हणालो.

त्याने तो तळहाताने दाबून फोडला. मग सुरी डाव्या हातात घेऊन बटाटे चिरायला लागला, भराभर, एकसारखे.

त्याचे डोळे मिटलेले होते.

मावशी खुर्चीत ताठ बसली. पळी भांड्याच्या काठावर टक्कन वाजली, तशी ती थरथरली.

त्याने चमच्यात कालवण घेतलं. फुंकर घातली. तिच्या तोंडाशी धरलं.

"हळू. पोळेल, बाळ."

मावशीने घोट गिळला. "हेच," ती म्हणाली आणि रडायला लागली.

तो स्टुलावर जाऊन बसला, डोळे उघडले आणि कानस उचलली. "झालं का तुमचं?" त्याने विचारलं. "वास छान सुटलाय."

परतीच्या बसमध्ये मावशी लहान मुलीसारखी खूश होती. "लिहून घे," ती म्हणाली. "मला आईचा चेहरा आठवला."

मी लिहू लागलो. कपाळ रुंद. भुवया जुळलेल्या. नाकाचं हाड मधेच वाकलेलं. हनुवटीवर खळी. माझं पेन थांबलं. हा चेहरा मी तासाभरापूर्वी पाहिला होता. मावशीने त्या माणसाला हातसुद्धा लावला नव्हता.

"आणि डोळे?" मी विचारलं. त्या माणसाच्या डोळ्यांबद्दल मी तिला चकार शब्द सांगितला नव्हता.

"ते कसे सांगू?" मावशी हसून म्हणाली. "मिटलेले होते ना."